सातबारा की सात डिसेंबर?

शाळेतल्या संगणकावर एक्सेलचा कोरा तक्ता उघडा. कोणत्याही एका घरात इंग्रजी आकड्यांनी सात, मग तिरकी रेघ, मग बारा असे टंकून एंटर दाबा. आपण लिहिले सातबारा, आणि घरात उमटेल सात डिसेंबर. संगणकावर अमेरिकी पद्धतीची तारीख लावलेली असेल तर बारा जुलै. आता खालच्या घरात १२/३ हा हिस्सा क्रमांक टंका. त्याचीही तारीख होईल. त्याखाली १२५/३ टंका. तो मात्र जसाच्या तसा राहील, कारण कोणत्याही महिन्यात एकशे पंचविसावा दिवस नसतो. रकाना एकच, माहिती एकाच प्रकारची, आणि तरी संगणकाने तिची दोन जातींत वाटणी करून टाकली. टंकणाऱ्याने यात काहीही चुकीचे केलेले नाही.

असे का होते? रकान्यात काय येणार आहे हे आपण संगणकाला सांगितले नव्हते. कोणी सांगितले नाही तर तो अंदाज बांधतो. बारा अंकी आधार क्रमांक त्याला मोठी संख्या वाटते आणि तो दहाच्या घातात लिहून दाखवतो. सोळा अंकी बँक खाते क्रमांकाचा शेवटचा अंक तर तो चक्क शून्य करतो, कारण एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक लक्षात ठेवते. उपाय सोपा आहे. टंकायला सुरुवात करण्यापूर्वी तो रकाना 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर, असल्याचे सांगून टाकायचे. आधी टंकून मग सांगितले तर उपयोग नाही. तोवर सातबाराचा डिसेंबर झालेला असतो. ज्याची बेरीज-वजाबाकी करण्यात काही अर्थ नाही तो आकडा मजकूर म्हणून भरावा, एवढी खूणगाठ बांधली तरी शाळेतले निम्मे गोंधळ टळतात. दोन विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही.

अशा ओळी-रकान्यांच्या तक्त्याला संगणकाची मंडळी 'डेटा ग्रिड' म्हणतात. शिक्षकांना ही वस्तू नवी नाही. हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, निकालाचा गोषवारा हे सगळे तक्तेच. कागदावरच्या आणि पडद्यावरच्या तक्त्यांत एक फरक मात्र ध्यानात घेतला पाहिजे. कागद काहीही मुकाट्याने लिहून घेतो, पण समासात पेन्सिलीने 'खात्री करणे' असा शेरा मारायची सोयही देतो. पडद्यावरचा तक्ता चुकीला अडवू शकतो. पण त्याला समास नसतो. कोणती चूक अडवायची, केव्हा अडवायची आणि कुठे अडवू नये, हे तक्ता बनवणाऱ्याने आधी ठरवावे लागते. यालाच भरलेल्या माहितीची पडताळणी म्हणतात. ही नीट ठरवली नाही तर काय होते, ते समजून घ्यायला आपल्या ओळखीचा सातबाराच उदाहरणाला घेऊ.

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातले कोणतेही गाव डोळ्यांपुढे आणा. या दोन तालुक्यांत जमिनीच्या क्षेत्राचा आकडा ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. आंबेगावात डिंभे, जुन्नरात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली तेव्हा पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला क्षेत्रावरूनच ठरला. मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा जाणारा पुणे-नाशिक रस्ता रुंद करताना पुन्हा तोच आकडा पुढे आला. पीककर्ज, नुकसानभरपाई, भावाभावांतली वाटणी हे सगळे शेवटी सातबाऱ्यावरच्या एका रकान्याशी येऊन थांबते. पिढ्यान्‌पिढ्या हाताने लिहिलेले हे उतारे जेव्हा संगणकात भरले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर लाखो घरांत आकडे टंकले गेले. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारा तंतोतंत जुळावा म्हणून नंतर 'एडिट' आणि 'री-एडिट' अशा खास आज्ञावल्या चालवाव्या लागल्या, यावरून कामाचा आवाका ध्यानात येईल.

एक गुंठा आणि एक आर

सर्वात आधी मापे पाहू, कारण पडताळणीचे पहिले नियम मापांतूनच निघतात. जुने माप एकर-गुंठ्यांचे. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद चौरस, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. नवे माप हेक्टर-आर-चौरस मीटरचे. १०० चौरस मीटरांचा एक आर आणि १०० आरांचा एक हेक्टर. गंमत अशी की गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच आहेत. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर. त्यामुळे गावात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि एरवी कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते वरच्या एककाशी गाठ पडल्यावर. एकर चाळिसाला भरतो, हेक्टर शंभराला.

आता १.२० एवढेच लिहिलेले घर पाहा. एकर-गुंठ्यांत त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. हेक्टर-आरांत एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. संगणकाला यातले काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी ही एक अपूर्णांक संख्या आहे. एकर-गुंठ्यांतले १.२० आणि १.३० त्याला मिळवायला सांगितले, तर तो न अडखळता २.५० सांगेल. खरे उत्तर तीन एकर दहा गुंठे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना रुपये-आणे-पैची बेरीज आठवेल. सोळा आण्यांना हातचा एक घ्यायचा हे जसे शिकवावे लागे, तसेच चाळीस गुंठ्यांचा हातचा संगणकाला शिकवावा लागतो.

शंभराच्या पटीमुळे हेक्टर-आरांची बेरीज बरोबर येते, पण तिथे दुसरी खोड आहे. एखाद्याने ०.५ लिहिले तर ते पाच आर समजायचे की पन्नास? गणिताच्या शिक्षकाला विचाराल तर पन्नास, कारण ०.५ म्हणजे अर्धा. उतारा वाचणाऱ्या शेतकऱ्याला विचाराल तर पाच. एका अर्थाने घरापुढची पडवी-परसू एवढी जागा, दुसऱ्या अर्थाने जवळजवळ सव्वा एकर. हा घोळ पडताळणीच्या नियमाने मिटवण्यापेक्षा तक्त्याची रचना बदलून मिटवणे चांगले. एका घराऐवजी तीन घरे करावीत: हेक्टर, आर, चौरस मीटर. आरांच्या घरात ० ते ९९, चौरस मीटरांच्या घरातही ० ते ९९, यापलीकडचे काही घ्यायचेच नाही. गुंठ्यांचे घर असेल तर ० ते ३९. अशा मर्यादेचा एक सहज फायदा असा की गुंठ्यांच्या घरात कोणी ६७ टंकले तर नुसती चूकच सापडत नाही, चुकीचे कारणही समजते: आकडा आरांतला असावा. म्हणून अडवताना संगणकाने नुसते 'अवैध माहिती' असे खेकसू नये. 'गुंठे ० ते ३९ असतात. हा आकडा आरांत आहे का?' असे विचारावे. एवढे एक वाक्य लिहायला प्रोग्रॅम बनवणाऱ्याला दोन मिनिटे लागतात आणि भरणाऱ्याचा दिवस वाचतो.

केव्हा अडवायचे?

एकेका घराची मर्यादा तपासणे सोपे. पण खऱ्या चुका बहुधा घरांच्या परस्पर नात्यात सापडतात. गाव नमुना सातवर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी आली पाहिजे. गटात तीन खातेदार असतील तर तिघांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकी आली पाहिजे. समजा गटाचे क्षेत्र २ हेक्टर १४ आर आहे. तीन भाऊ, एकाचे ८० आर, बाकी दोघांचे ६७-६७ आर. बेरीज २१४ आर, हिशेब जुळला.

आता हा नियम संगणकाला सांगितला आणि प्रत्येक घर भरून झाले की लगेच तपास असे म्हटले, तर काय होईल? पहिल्या भावाचे ८० टंकताच संगणक म्हणेल, बेरीज जुळत नाही. जुळणार कशी? अजून दोन भाऊ भरायचे आहेत. म्हणून कोणता नियम केव्हा लावायचा याचा एक क्रम असतो. कळ दाबतानाच फक्त एवढे पाहावे की आकड्याच्या घरात अक्षर शिरत नाही ना. घर सोडताना त्या घरापुरती मर्यादा पाहावी. ओळ सोडताना त्या ओळीतली नाती पाहावीत. आणि सगळ्या ओळी मिळून लागू होणारा नियम, जसा आपला २१४ आरांचा, तो साठवण्याची आज्ञा दिल्यावरच पाहावा. उत्तरपत्रिका तपासताना आपण तरी काय करतो? मुलगा पहिले वाक्य लिहीत असताना मध्येच 'निबंध अपुरा' असा शेरा मारत नाही.

अडवण्याचीही एक मर्यादा आहे. काही तक्ते असे बनवलेले असतात की घरातला आकडा चुकीचा असेल तर कर्सर त्या घराबाहेर पडूच देत नाहीत. बनवणाऱ्याला वाटते, आता चूक शिरणे अशक्य. प्रत्यक्षात भरणाऱ्या माणसाला वरची ओळ पाहायची असते, कागद उलटायचा असतो, कोणाला तरी विचारायचे असते. घरातून सुटका होत नाही म्हटल्यावर तो शून्य टंकतो आणि बाहेर पडतो. शून्य सगळ्या मर्यादांत बसते. नंतर ते तिथेच राहते. सुटकेसाठी टाकलेले शून्य आणि खरे शून्य यांत फरक करण्याचा कोणताही उपाय पुढे कोणाच्याही हातात नसतो. आमच्या मते कोंडून ठेवणारा तक्ता हा मोकळ्या तक्त्यापेक्षा वाईट. मोकळ्या तक्त्यातली चूक निदान चुकीसारखी दिसते.

प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये २००५ पासून 'डेटाग्रिडव्ह्यू' नावाचा तयार तक्ता मिळतो. त्यात घर सोडण्याच्या क्षणी 'सेलव्हॅलिडेटिंग' आणि ओळ सोडण्याच्या क्षणी 'रोव्हॅलिडेटिंग' असे दोन इशारे मिळतात आणि दोन्ही ठिकाणी बाहेर पडणे रद्द करता येते. रद्द करण्याचा मोह आवरावा. त्याच तक्त्यात ओळीला 'एररटेक्स्ट' जोडता येतो. मग ओळीच्या डाव्या कडेला उद्‌गारचिन्हाची लाल खूण येते आणि तिच्यावर माउस नेला की कारण दिसते. भरणारा पुढे जाऊ शकतो, खूण तशीच राहते, आणि साठवताना सगळ्या खुणा एकदम दाखवता येतात. कागदाचा हरवलेला समास असा थोडाफार परत मिळतो. एक्सेलमध्येही 'डेटा व्हॅलिडेशन' या सोयीत अडवणे, बजावणे आणि नुसते कळवणे असे तीन प्रकार आहेत. बहुतेक जण पहिलाच निवडतात, कारण तो आधीपासून निवडलेला असतो!

नवाची खूण

आपल्या तीन भावांकडे परत येऊ. भरणाऱ्याने मधल्या भावाचे ६७ ऐवजी ७६ टंकले. घराच्या मर्यादेत ७६ बसते, त्यामुळे तिथे कोणी हरकत घेत नाही. साठवताना बेरीज येते २२३, हवी होती २१४, फरक ९. पेढीवरच्या जुन्या हिशेबनिसांना हा फरक पाहताच कळत असे की कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. कारण सोपे आहे आणि नववीच्या मुलांना फळ्यावर सिद्ध करता येईल. दशकाचा अंक क आणि एककाचा ख असेल तर संख्या १०क + ख. अंक उलटे केले तर १०ख + क. दोहोंतला फरक ९(क − ख). शेजारच्या कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नवाने भाग जाणारच. उलट मात्र खरे नाही. नवाने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असे नव्हे. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळते. चांगला तक्ता ही खूण स्वतःहून दाखवू शकेल. असे करणारे तक्ते आम्ही फारसे पाहिलेले नाहीत, हे खेदाने नमूद करतो.

मराठी कागदावरून टंकताना आणखी एक खास आपली चूक होते. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांचे वळण सारखे आहे. दिवसभर इंग्रजी कळांवर बोटे फिरवणारा माणूस हस्तलिखितातला १२ पाहतो आणि त्याची बोटे ब्याण्णव टंकतात. घाईत लिहिलेला ५ इंग्रजी चारासारखा दिसतो, ४ इंग्रजी आठासारखा. इथे फरकाला नवाने भाग जाणार नाही, पण बाराचे ब्याण्णव झाले की फरक बरोबर ८० येतो. म्हणजे आपल्या कागदांसाठी तक्ता बनवणाऱ्याने ही खूणही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिवाय देवनागरी कळफलकावरून टंकलेला १ आणि इंग्रजी एक ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी चिन्हे आहेत. अनेक प्रोग्रॅम देवनागरी आकड्यांना अक्षरे समजतात आणि बेरजेतून गुपचूप वगळतात. ती घरे भरलेली दिसतात, मोजली जात नाहीत. असा तक्ता महाराष्ट्रात वापरायचा असेल तर दोन्ही आकडे स्वीकारून आत एकाच रूपात साठवणे हाच शहाणपणा. देवनागरी आकड्यांवर लाल खूण मारणे नव्हे.

अशक्य आणि अनपेक्षित

इथवर आपण जे नियम पाहिले ते अशक्य गोष्टी अडवणारे होते. ४१ गुंठे असूच शकत नाहीत. पण पडताळणीचे नियम लिहिणारे उत्साहाच्या भरात अनपेक्षित गोष्टीही अडवू लागतात. समजा सपाट प्रदेशातल्या कोणी असा नियम घातला की पोटखराबा लागवडीयोग्य क्षेत्रापेक्षा जास्त असू नये. मंचरच्या आसपास तो बिनबोभाट चालेल. आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकर-आहुपेकडे, किंवा जुन्नरच्या नाणेघाटाकडच्या डोंगराळ गावांत, गटच्या गट कडा, खडक आणि उतार यांचे असतात. तिथे खरा आकडा भरायला गेलेल्याला तक्ता खोटे ठरवील. पावसाचेही तसेच. भीमाशंकरचा धो धो पाऊस आणि त्याच दिवशीचे आणे पठारावरचे कोरडे आभाळ यांना एकच मर्यादा लावली, तर एका टोकाची खरी नोंद फेटाळली जाईल.

विज्ञानाच्या इतिहासात याचे एक नामांकित उदाहरण आहे. अंटार्क्टिकावरच्या ओझोन थराची मापे 'निंबस-७' या उपग्रहावरून घेतली जात होती. १८० डॉब्सन एककांच्या खालची मापे इतकी अनपेक्षित होती की आज्ञावली त्यांच्यावर 'संशयास्पद' अशी खूण करीत असे. १९८५ साली फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली बे इथल्या जमिनीवरच्या मापांवरून ओझोन विलक्षण घटल्याचे 'नेचर' या नियतकालिकात जाहीर केले. उपग्रहाची मापे खूण केलेली होती, पण पुसलेली नव्हती. म्हणून ती पुन्हा काढून तपासता आली, आणि ओझोनच्या छिद्राचा विस्तार किती मोठा आहे हे त्यांवरूनच दिसले. त्या आज्ञावलीने ती मापे फेटाळून टाकली असती, तर?

खूण करावी, पुसू नये, ही रीत पाहायला अंटार्क्टिकापर्यंत जायला नको. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या वाय आकाराच्या तीन शाखांवर पसरलेल्या. दूरच्या आकाशगंगांकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की विजेच्या तारा, मोबाइल, वाहने यांचा गोंगाट त्यात सहज मिसळतो. गोंगाटाने बिघडलेल्या नोंदींवर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ खूण करतात आणि त्या हिशेबातून बाजूला ठेवतात. त्यांच्या भाषेत याला 'फ्लॅगिंग' म्हणतात. मूळ नोंद हाताशी राहिली की उद्या कोणाला वाटले, हा गोंगाट नव्हताच, तर खूण काढून पुन्हा पाहता येते. सातबाऱ्याच्या तक्त्याला आणि दुर्बिणीच्या तक्त्याला हाच नियम लागू: अशक्य ते अडवा, अनपेक्षित त्यावर खूण करा.

एक जूनची मुले

सर्वात घातक नियम कोणता असे कोणी विचारले तर आम्ही सांगू, 'हे घर रिकामे सोडता येणार नाही' हा. वाचकांपैकी कित्येकांच्या घरात एक जून ही जन्मतारीख असलेले कोणीतरी असेल. महाराष्ट्रात एक जूनला एवढी माणसे कशी जन्मली? मूल शाळेत घालायला आणले, आईबापांना जन्मतारीख सांगता येईना, रजिस्टरचा रकाना तर भरलाच पाहिजे. मग गुरुजींनी जूनमध्ये सुरू होणाऱ्या शालेय वर्षाला धरून वय बसवले आणि एक जून लिहिले. त्यांनी मुलाचे भलेच केले. नाहीतर दाखला मिळाला नसता. पण रकान्याने सत्य मागितले नव्हते, तारीख मागितली होती, आणि ती त्याला मिळाली. तीच तारीख पुढे दाखल्यावरून नोकरीत, नोकरीतून निवृत्तीपर्यंत गेली.

पडद्यावरचे तक्ते ही चूक अधिक वेगाने करतात. मोबाइल क्रमांक सक्तीचा केला की ज्या पालकांकडे फोन नाही त्यांच्या घरात दहा वेळा नऊ येतो, किंवा वर्गशिक्षकांचा स्वतःचा क्रमांक वीस मुलांपुढे. आडनाव सक्तीचे केले की टिंब येते. यावर उपाय म्हणजे 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' हे दोन पर्याय उत्तर म्हणून मान्य करणे. रिकामे घर, माहीत नाही, लागू नाही आणि शून्य या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारांसाठी एकच घर आणि एकच सक्ती ठेवली तर खोटे बोलण्यावाचून भरणाऱ्यापुढे मार्ग उरत नाही.

जे तक्त्याला कळत नाही

काही क्रमांकांत चूक ओळखण्याची सोय मुळातच ठेवलेली असते. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ही रीत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली दिली. तिच्यात कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे कोणतेही दोन अंक उलटे झाले, तर चूक हमखास सापडते. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हापासून ही सोय त्यात आहे. आधारचा रकाना असलेल्या तक्त्याने बारा अंक मोजून थांबू नये. शेवटचा अंकही ताडून पाहावा.

पिनकोडला अशी सोय नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. जुन्नरचा पिन ४१०५०२, मंचरचा ४१०५०३, नारायणगावचा ४१०५०४. एक अंक चुकला की पत्र शेजारच्या गावी. सहा अंक आहेत, चाराने सुरू होतात, तिन्ही पिन खरे आहेत. घरापुरती कोणतीही पडताळणी इथे हतबल. गावाचे नाव दुसऱ्या घरात असेल आणि दोन्ही ताडून पाहिली तरच चूक सापडेल.

आणि काही चुका अशाही असतात की त्या कोणत्याच नियमाने सापडत नाहीत. आपल्या गटात थोरल्याचे ८० आर धाकट्याच्या नावापुढे आणि धाकट्याचे ६७ थोरल्याच्या नावापुढे पडले, तर प्रत्येक घर मर्यादेत आहे, ओळी ठीक आहेत, बेरीज २१४ आहे. कोठेही लाल खूण नाही. तेरा आर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात गेले. दोन माणसांनी स्वतंत्रपणे टंकायचे आणि संगणकाने दोन्ही ताडायचे, ही जुनी रीत इथे बरीच उपयोगी पडते. पण मूळ कागदच चुकलेला असेल, किंवा दोघांनीही १ ला इंग्रजी नऊ समजले असेल, तर तीही फसते.

तेव्हा उरतो तो माणसाचा कान. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने ऐकायचे. गावात कोणाचा कोणता गट, थोरला कोण, धाकटा कोण हे सर्वांना पाठ असते. ऐकता ऐकता एखादा म्हणतो, 'अहो, हे उलटे झाले.' सापडलेली लेखनातली चूक दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहेच. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले आहेत. उतारा कोणी दिला आणि नंतर त्यात कोणी फेरफार केला नाही, एवढे ती स्वाक्षरी सांगते. आतला आकडा खरा आहे की नाही हे तिलाही कळत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. गेल्या वर्षीच्या उंची-वजनाच्या नोंदींतल्या तीस ओळी, नावे झाकून, दोन गटांना स्वतंत्रपणे टंकायला द्या. एका गटाच्या तक्त्याला काहीच नियम नकोत. दुसऱ्याच्या तक्त्यात 'डेटा व्हॅलिडेशन'ने मर्यादा घाला; मर्यादा किती असाव्यात हे मुलांनाच ठरवू द्या, आणि वर्गातल्या सर्वात उंच मुलाला तो नियम अडवतो का ते पाहा. मग पहिल्या गटाचे आकडे उचलून दुसऱ्या तक्त्यात एकगठ्ठा चिकटवा. नियम असूनही सगळे आत शिरेल, कारण एक्सेलची ही राखण टंकलेल्या आकड्यांपुरती आहे, चिकटवलेल्यांना ती विचारत नाही. त्यावर 'डेटा' या पानावर 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' ही आज्ञा आहे. मात्र चिकटवताना घरांचे नियम पुसले जाऊ नयेत म्हणून 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त 'व्हॅल्यूज' चिकटवावीत. ती आज्ञा दिली की नियमाबाहेरच्या घरांभोवती तांबडी वर्तुळे उमटतात. ती मोजा आणि दोन गटांच्या तक्त्यांतले न जुळणारे आकडे मोजा. या दोन संख्या बहुधा सारख्या येणार नाहीत. का, ते मुलांना शोधायला सांगा.